आधी गाय, मग घंटा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगराच्या पायथ्याशी ती घडली, तो डोंगरही तेव्हा आणखी थोडा उंच असेल. त्या पायथ्याच्या गावात एक ओतारी राहत असे. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारागीर. कुणी समया ओततो, कुणी मूर्ती ओततो. हा गुरांच्या गळ्यातल्या घंटा ओतायचा. त्याचं नाव मला विचारू नका. त्याच्या घंटा अजून वाजतात म्हणे, नाव मात्र कुणाला आठवत नाही.

त्या डोंगरावर धुकं फार. एकदा उतरलं की हातातली काठी दिसू नये, असं धुकं. तिथल्या गवळ्यांना गुरं राखताना डोळ्यांचा काही उपयोग नसे, म्हणून ते कानांनी गुरं राखत. कुठली घंटा कुठे वाजते, यावरून त्यांना कळायचं की कोण झऱ्यावर आहे आणि कोण कड्याकडे चालली आहे. दोन घंटांचा नाद सारखा झाला, तर एखादी गाय दरीत गेलीच म्हणून समजा.

म्हणून ओताऱ्याच्या बापाने एक रीत घालून दिली होती. घंटा हवी असेल त्याने गाय घेऊन यायचं. मग ओताऱ्याने एक अख्खा दिवस त्या गाईमागे डोंगरात हिंडायचं. ती रमतगमत चालते की झपाझप, मान किती हलवते, कळपात पुढे असते की मागे, हे सगळं बघायचं. घंटा त्यानंतर नऊ दिवसांनी मिळायची. "आधी गाय, मग घंटा," असं बाप म्हणायचा. लोक हसायचे, पण त्याच्या हातची घंटा तीस-तीस वर्षं वाजायची.

दुखणं नेमकं तेच होतं. तीस वर्षं टिकणारी वस्तू जो विकतो, त्याच्या दारात गिऱ्हाईक रोज कशाला येईल? बाप गेला, दिवस ओसरीवर बसून जाऊ लागले, आणि ओताऱ्याचा धीर सुटत चालला.

त्यातच राजाच्या तोफखान्याचा कारभारी गावात आला. माणूस वाईट नव्हता. त्याने ओताऱ्याला नीट समजावून सांगितलं, की राजाला तोफा हव्यात, आणि तोफांना धातूही हवा आणि तो ओतणारे हातही हवेत. "गावची जत्रा संपून तिचं निशाण उतरेपर्यंत विचार करा," तो म्हणाला. "घंटांना कुणी विचारत असेल, तर तुम्ही आपल्या घंटा ओता. नसेल विचारत, तर भट्टी मोडा, घरातलं सगळं कासं गाडीत भरा आणि चला."

कासं म्हणजे घंटांचा धातू. ओताऱ्याच्या घरात एका कोपऱ्यात फुटक्या घंटांचा ढीग होता, त्यात त्याच्या पणजोबाच्या हातच्याही होत्या. त्यांच्या तोफा होऊ नयेत, म्हणून त्याने जत्रेत घंटा विकायचं ठरवलं.

जत्रा तीन दिवसांची. त्याने गाय न बघताच ओतलेल्या चाळीस घंटा घेऊन पाल ठोकलं आणि समोर बघतो तो काय, पत्र्याच्या घंटा विकणारा एक परगावचा व्यापारी. लाल-पिवळा रंग, दारात ढोल, आणि उंच काठ्यांवर चालणारा सोंगाड्या. सगळी जत्रा तिकडे लोटली होती. जत्रेत उंटावरून शेळ्या हाकणारेही कमी नसतात. त्यांनी ओताऱ्याला सांगितलं, की बाबा रे, बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचं सोनं तसंच पडून राहतं.

ओताऱ्याने मनावर घेतलं, आणि घेतलं ते जरा जास्तच. त्याने कुठून तरी लाल रंग आणून आपल्या काशाच्या घंटांना फासला. रंगाने नाद बसतो, हे त्याच्या घरातलं लहान पोरही सांगू शकलं असतं, पण समोरचा ढोल ऐकून माणसाचं डोकं चालेनासं होतं. मग त्याने चाळीसच्या चाळीस घंटा एकाच दोरीला बांधल्या आणि ती दोरी ओढत ओरडायला लागला, की घंटा घ्या घंटा, बैलाला चालते, हत्तीला चालते, मांजराला चालते, नव्या नवरीच्या दाराला चालते! एक ना धड, भाराभर चिंध्या. ज्याच्या घरी गाय होती त्याला वाटलं, ही घंटा आपल्यासाठी नसावी. आणि मांजरवाले काही जत्रेत आले नव्हते.

एक गवळी मात्र येऊन उभा राहिला. माझी गाय जरा तिरकी चालते, तिला कुठली घंटा बरी, असं त्याने विचारलं. ओतारी म्हणाला, कुठलीही घ्या, सगळ्या एकाहून एक! आणि पुन्हा दोरी ओढायला लागला. गवळी थोडा वेळ थांबला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ओताऱ्याने एकीवर एक फुकट द्यायला काढली. लोकांनी विचार केला, काल हिला किंमत होती, आज तिची बहीण फुकट मिळते. उद्यापर्यंत थांबलो तर दोघीही फुकट मिळतील. त्या दिवशीही एक घंटा गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरची एक म्हातारी गवळीण आली. फडक्यात गुंडाळलेली जुनी घंटा तिने पुढे केली आणि काहीतरी बोलू लागली. चाळीस घंटांच्या गोंगाटात ओताऱ्याला तिचे नुसते ओठ हलताना दिसले.

"जुनी टाकून द्या आजी," तो दोरी न सोडताच ओरडला. "एकीवर एक न्या."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, ओळखीच्या घराला कुलूप दिसावं, तसं बघितलं. मग घंटा पुन्हा फडक्यात गुंडाळून ती डोंगराच्या वाटेला लागली.

ओताऱ्याची बायको मागे बसून सगळं बघत होती. ती उठली आणि तिने दोरी धरून थांबवली.

"त्या घंटेवर मामंजींची खूण होती," ती म्हणाली. "आतला लोलक झिजलेला मला इथूनही दिसला, तेवढंच सांगत असणार ती. तुम्ही तीन दिवस साऱ्या मुलखाला हाका मारल्यात, आणि आपणहून दारात आली तिचं ऐकलं नाहीत."

ओताऱ्याने दोरी सोडली. त्याला इतकी लाज वाटली, की वर बघवेना. त्याने एका लाल घंटेतला लोलक काढला, चिमटा आणि तार घेतली आणि दुकान बायकोवर सोपवून तो डोंगर चढू लागला.

अर्ध्या वाटेवर धुक्याने त्याला गाठलं. वर माळावर पोचला तेव्हा म्हातारी त्याच्या आधीच येऊन उभी होती, आणि तिची सून कड्याच्या अलीकडे उभी राहून गुरांना हाका मारत होती. तिचा घसा बसला होता. शंभर गुरं धुक्यात पांगली होती, कारण कळपाच्या पुढे चालणारी ढवळी गाय आज मुक्या गळ्याची होती. तिच्या आजीपासून चालत आलेली घंटा म्हातारीच्या फडक्यात होती.

"हाका मारू नकोस, पोरी," म्हातारी सुनेला म्हणाली. "दरीतून उलटी हाक येते, मग गुरं बावचळतात. कुणाचं ऐकावं तेच त्यांना कळत नाही."

ओताऱ्याने हे ऐकलं आणि मान खाली घातली. मग त्याने म्हातारीपुढे हात केला. तिने घंटा दिली. त्याने झिजलेला लोलक काढला, नवा बसवला आणि तार वळवून पक्की केली. कडा पलीकडे दहाच पावलांवर होता. मग त्याने घंटा ढवळीच्या चालीने, सावकाश, एकदाच हलवली.

नाद धुक्यात गेला. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग खालून, झऱ्याच्या बाजूने, एक घंटा वाजली. डावीकडून दुसरी. मग कड्याच्या अगदी काठावरून तिसरी, आणि ती हळूहळू काठापासून दूर सरकू लागली. दिसत काहीच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं, आणि त्यातून शंभर घंटा वळून त्यांच्याकडे येत होत्या. शंभर नाद, आणि एकात एक मिसळत नव्हता. म्हातारी डोळे मिटून हलक्या आवाजात सांगत होती, ही मोरी, ही बांडी, ही तांबडी, पाणी पिऊन आलीय म्हणून जड चालते.

ओताऱ्याच्या अंगावर काटा आला. एक घंटा तीनदा वाजत होती आणि मध्ये थोडी थांबत होती. त्याला एकदम आठवलं. ही लंगडी. लग्नाच्या वर्षी तो तिच्यामागे दिवसभर हिंडला होता, आणि पाय अडखळतो तेव्हाही नाद तुटू नये म्हणून त्याने त्या घंटेचा काठ जाड ठेवला होता. तो ते पार विसरला होता. घंटा विसरली नव्हती. इतकी वर्षं रोज ती धुक्यातून एक जीव घरी आणत होती, आणि तो खाली ओसरीवर बसून आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून कुढत होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आपल्या हातून एवढं मोठं काही घडलं असेल, हे त्याला खरंच वाटेना.

इतक्यात त्याच्या हाताला ऊबदार श्वास लागला. ढवळी धुक्यातून येऊन आपल्या घंटेपुढे मान वाकवून उभी होती.

संध्याकाळी कळप डोंगर उतरला. नदीवर जायची वाट जत्रेतूनच होती. शंभर गुरं घंटा वाजवत मधून चालू लागली आणि लोक बोलायचे थांबले. समोरच्या व्यापाऱ्याचा ढोलकरीही टिपरी हातात धरून ऐकत राहिला. निशाण उतरायला घटकाभर अवकाश होता. तोफखान्याचा कारभारी रिकामी गाडी घेऊन पालापाशी उभा होता. त्याने पायांतले जोडे काढून बाजूला ठेवले होते आणि शेवटची गाय जाईपर्यंत तो हलला नाही.

"तुमचं उत्तर?" मग त्याने हळूच विचारलं.

"घंटांना कुणी विचारतं का, एवढंच बघायचं होतं ना?" ओतारी म्हणाला. "कारभारी, तीन दिवस मीच कुणाला काही विचारलं नव्हतं."

आणि तो गर्दीत शिरला. परवाचा तो गवळी त्याला सापडला. ओताऱ्याने त्याच्यापुढे हात जोडले आणि विचारलं, "तुमची गाय तिरकी चालते म्हणालात. कुठल्या अंगाला?"

गवळ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. तो सांगू लागला आणि ओतारी ऐकू लागला. ते बघून आणखी तिघे आपापल्या गाईंचं सांगायला पुढे झाले. एकाने लग्नाच्या तोरणासाठी घंटा मागितली. ओताऱ्याने त्याला समोरच्या व्यापाऱ्याचं पाल दाखवलं, कारण तोरणाला पत्र्याची रंगीत घंटाच शोभते. त्या जत्रेत त्याच्या पदरी फक्त चार घंटांचं काम पडलं. पण भट्टी पेटती ठेवायला चार पुरतात, आणि कारभाऱ्याची गाडी आली तशीच रिकामी गेली.

चाळीस घंटांवरचा लाल रंग खरवडायला ओताऱ्याला अख्खा पावसाळा लागला. तो एकेक घंटा घासायचा, कानाशी धरून वाजवायचा, आणि कुठल्या गाईची ते कळेपर्यंत बाजूला ठेवून द्यायचा.

मुलांनो आणि मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: जो सगळ्यांना हाका मारत सुटतो त्याला कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून ज्याच्यासाठी वस्तू घडवायची त्याच्यामागून आधी एक दिवस चालावं.