फक्त तुलाच शिकवतो

वेणू शाळेतून येऊन भाकरी खात होती, तेव्हाच जिल्ह्याच्या खो-खो संघात निवड झाल्याची बातमी आली. पाठोपाठ प्रशिक्षक हिंदुराव सरांचा मेसेज आला : “खांबावर सूर मारायची खास युक्ती फक्त तुलाच शिकवतो. एकटी असताना व्हिडिओ कॉल कर. घरी बोललीस तर यादीतून नाव गेलंच समज.”

“काय गं, घास का अडला?” आईने विचारलं.

वेणूने फोन पुढे केला. मग दोघींनी तो मेसेज संघाच्या आणि पालकांच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. खाली वेणूने लिहिलं : “सर, युक्ती बाराही जणींना हवीय. आमच्या आयाही बघायला बसल्यात. इथेच लावा कॉल.”

आठवड्याभरात सरांच्या जागी नव्या बाई आल्या. वेणूचं नाव यादीत राहिलं. ती युक्ती मात्र सरांनी अजून कोणालाच शिकवलेली नाही.