धुरपदामायने माळाचे डोळे उघडले

आज कुसळमाळावर जे आजी-आजोबा झालेत, ते आईच्या काखेत होते, तेव्हाची ही गोष्ट.

सरकारने मोठ्या जमीनदारांची जादा जमीन काढून भूमिहीनांना वाटली. लोक तिला सिलिंगची जमीन म्हणायचे. पिंपळसावळीच्या मालकांनी काळी रानं कशीबशी राखली आणि वाटपाला काढला कुसळमाळ. नुसता मुरूम, दगड आणि कुसळं. मजुरी करून पोट भरणाऱ्या घरांना तो तुकड्या-तुकड्यांनी मिळाला. त्यांत एक होती धुरपदा. नवरा वारलेला, पण बाई खमकी. तिला एक खोड होती. काहीही दिसलं की विचारायची, "हे असं का?"

पहिल्या वर्षी सगळ्यांनी ज्वारी पेरली. ती वीतभर झाली आणि वाळली. लोक म्हणाले, चला परत मालकाच्या रानात. धुरपदा मात्र माळावर हिंडत राहिली. एका कपारीत तिला हिरवंगार झुडूप दिसलं. शेजारी बिरू धनगर शेळ्या चारत होता.

"बिरूदादा, तुझ्या शेळ्यांनी सगळा माळ खरडला. मग हे का राहिलं?"

"सीताफळ हाय ते, माय. पाला उग्र. शेळी तोंड लावत न्हाई."

"अन् पाणी कोण घालतं?"

"देव जाणे. म्या तर घातलं न्हाई."

धुरपदा दुपारभर त्या झुडपापाशी बसून राहिली. ते झुडूप तिच्याशी बोललं, असं म्हणतात.

दुसऱ्या पावसाळ्यात तिने मुरमात खड्डे घेतले, बिया लावल्या आणि उन्हाळा आला तशी प्रत्येक रोपाशी बारीक भोकाचं मडकं पुरलं. मडक्यातलं पाणी झिरपायचं, रोप जगायचं. शेजारचा सटवाजी हसला. "वैनी, लेकरं काय सीताफळं खाऊन जगतील?"

"खाऊन न्हाई, सटवाभाऊ. विकून!"

हळूहळू सटवाजीनेही खड्डे घेतले, मग सगळ्यांनीच. तेवढ्यात तालुक्याचे साहेब आले. त्यांनी निक्षून सांगितलं, "माळ पडीक दिसला तर परत घ्यावा लागेल. बाग म्हणताय, तर फळ दाखवा." झाडं फळ धरायला लागेपर्यंतची मुदत मिळाली.

झाडांनी फळ धरलं, नेमकं त्याच वर्षी पावसाने दडी मारली. सीताफळं लिंबाएवढी राहिली, घट्ट मिटलेली. फळ पोसलं की खवल्यांमधल्या फटी पांढऱ्या होतात. त्यालाच डोळे उघडणं म्हणतात. इथे एकाही फळाचा डोळा उघडेना, आणि साहेब दसऱ्याला येणार होते.

दसऱ्याच्या पहाटे धुरपदा एकटी माळावर गेली. प्रत्येक झाडाला हात लावून काहीतरी पुटपुटली. काय, ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं मंत्र होता, कुणी म्हणतं शिव्या. सटवाजीची म्हातारी मरेपर्यंत सांगायची की ती एवढंच विचारत होती, "बाबांनो, कशाला थांबलात?"

ऊन चढलं तेव्हा साऱ्या माळाने डोळे उघडले होते. फांद्या भुईला टेकल्या होत्या. साहेबांनी बांधावरून वाकून एक फळ हातात तोलून पाहिलं. मग म्हणाले, "बाई, माळ तुमचाच."

पण पिकलेलं सीताफळ थांबत नाही, दोन दिवसांत नासतं. बाजारातल्या व्यापाऱ्याला हे ठाऊक होतं. तो प्रत्येकाला बाजूला घेऊन पडेल भाव सांगू लागला. सटवाजी कबूल होणार, तोच धुरपदाने त्याच्या बैलांची वेसण धरली. "एकेकटे गेलो तर लुटले जाऊ, भाऊ. सगळ्या गाड्या संगं जुंपा. शहरात जाऊ." रस्ता लांबचा होता, पण वाटेत एक फळ नासलं नाही, असं म्हणतात. धुरपदा पहिल्या गाडीवर बसून मागे वळून वळून फळांना दटावत होती म्हणे.

त्यानंतर कुसळमाळाचा माल कधी एकेकटा विकला गेला नाही.

धुरपदामाय जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अजूनही दसऱ्याला पहिल्या तोडणीची पाटी सडकेच्या कडेला ठेवतात. तिला धुरपदामायची पाटी म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने हवी तेवढी फळं खावीत, मोल नाही. मात्र बिया पलीकडच्या उतारावर फेकायच्या. एसटी थांबते, ड्रायव्हर खातो, शाळेची पोरं खातात, सगळे बिया फेकतात. तो उतार वाटपात कुणालाच मिळाला नव्हता. आज तिथे सीताफळांचं रान माजलंय, आणि त्यातलं फळ कुणी विकत नाही.