राजाचा हात जात्याला चिकटला

एक होता राजा, आणि सांगते तुम्हाला, असला मेला राजा कुणाच्या वाट्याला येऊ नये. राजवाड्यात लग्न निघालं, म्हणून त्यानं तीन गावांतून तीन बायका, धुरपा, ठकू आणि सकवार, पहाटेच धरून आणवल्या, दळायला. विचारलं नाही, पुसलं नाही. सकवारचं तर बाळ पाळण्यात होतं, अंगावर पिणारं. तिला फक्त घरी जायचं होतं. पण शिपाई म्हणाले, पाच पोती गहू दळून झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

जातं केवढं? गाडीच्या चाकाएवढं! असलं जातं समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला सगळ्यांनी हात लावून ओढायचं असतं, बरं का. पण राजानं जन्मात कधी दळलं होतं? त्याचा हुकूम, एका वेळी एकीनंच दळायचं, बोलायचं नाही. बायका एकत्र बसल्या की वेळ घालवतात म्हणे!

मग सकाळी धुरपानं ओढलं. जातं हललं नाही. मग ठकूनं ओढलं. हाताची सालं निघाली, जातं हललं नाही. दुपारी सकवार बसली. दुधानं तिची चोळी भिजली होती आणि ती रडत होती. धुरपा तिची कोण? कुणी नाही. ठकू तरी कोण? पण दोघींना बघवेना. हुकूम गेला चुलीत, म्हणाल्या आणि समोर जाऊन बसल्या, तिच्याबरोबर खुंट्याला हात लावला. धुरपानं बाळाचं नाव विचारलं. मग दळता दळता ओवी गायली. ओवीत भावाचं नाव घेतात ना, तिथं तिनं त्या बाळाचं घेतलं. मग जातं गरगर फिरलं.

राजा तरातरा आला आणि खुंटा हिसकवायला गेला. तर काय, हातच चिकटला! राणीनं ओढला, प्रधानानं ओढला, शिपायांनी ओढला. सुटतोय कशाला?

राजा म्हणाला, "सोडवा गं बायांनो."

ठकू म्हणाली, "महाराज, आधी दार उघडा. सकवार घरी जाईल. तिच्या जागी तुम्ही दळा."

राजानं दार उघडवलं आणि दळायला बसला. सकवार धावत गेली, बाळाला पाजलं. आणि मग काय केलं माहितीये? बाळाला झोळीत घालून परत आली. कुणी बोलावलं नव्हतं. दोघींच्या शेजारी बसली आणि खुंट्याला हात लावला.

शेवटचा दाणा दळला तेव्हा राजाचा हात सुटला. फोडच फोड! येऊ देत मेल्याला. तिघी हसत घरी गेल्या, सुखानं राहिल्या. झोळीतलं बाळ कधीच झोपलंय. मिटा डोळे तुम्हीपण.