धाकलीने पाडलेली खांड

फार वर्षांपूर्वी, खाडीपलीकडे शहर नव्हतं, नुसती तिवरांची दाटी होती, तेव्हा खारसोंडे गावात धाकली नावाची बाई बांध राखायची. खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून गावाने घातलेला मातीचा बांध तो. खेकडे त्याला भोकं पाडत, धाकली ती चिखलाने लिंपत जाई. कुठे बांध फुटून खांड पडली, तर तिच्या हाकेसरशी अख्खा गाव जेवणावरून उठे. डोळे मिटून चालली तरी तळपायाला भोक कळायचं तिच्या, असं म्हणतात.

पुढे पलीकडे वखारी उठल्या. माणसं आली, घरं आली, त्यांना जागा पुरेना. त्यांनी तिवरं तोडली, डोंगर फोडून त्याची माती दलदलीत ओतली. कोळंबी गेली, चिंबोऱ्या गेल्या आणि उधाणाचं पाणी इकडे चढू लागलं. गाव बांध उंच करी, पाणी त्याहून उंच येई.

एका अमावास्येला भर दुपारी पाणी बांधाच्या काठोकाठ आलं. बाहेर, दोन पुरुष बुडतील एवढ्या खोल पाण्यात एक म्हातारी उभी, कमरेपर्यंतच भिजलेली, केसांत शेवाळ. विचारपूस केल्याशिवाय धाकलीला कुठे राहवतंय!

"कुणाकडची गं तू?"

"पलीकडची. अंगणच बुजवलं माझं. बसायला जागा दे."

"किती?"

"मांडी घालण्यापुरती. नाहीतर गावभर पसरीन."

ही खाडीच, धाकलीने ओळखलं. बांधालगतचं सगळ्यांत खोलगट शेत तिचंच. भात पोटरीत आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, वर्षाची पेज त्याच्यावर. ती बराच वेळ भाताकडे बघत राहिली. मग तिने फावडं उचललं.

दीर धावत आला. "आगो, डोकं फिरलं का तुझं? राखणारीनंच बांध फोडायचा?"

"पावणी दारात उभी हाय, भावोजी. सरका."

"आणि खाशील काय? माती?"

"तुमच्याकडचं खाईन. शेजारी कशाला हायत?"

तिने खांड पाडली. पाणी आत आलं, भातावर पसरलं आणि शेताच्या गुडघाभर वरंब्यापाशी आपसूक थांबलं. त्याच घटकेला बाकीच्या बांधावरचं पाणी हातभर उतरलं. गावचं दुसरं एकही रोप खारवलं नाही, असं म्हणतात.

त्या शेतात पुन्हा भात झालं नाही. तिवरं उगवली, त्यांच्या मुळांत चिंबोऱ्या परतल्या. धाकली घरटी सुपभर भात हक्काने मागून नेई, सूप कमी भरलं तर चारचौघांत बोलूनही दाखवी. पुढे एका ओहोटीबरोबर ती चालत खाडीत गेली, असं म्हणतात. कुणी म्हणतं, लेकीकडे जाऊन म्हातारपणाने मेली.

आता शहर अलीकडेही आलंय. आजूबाजूच्या खाचरांवर इमारती उभ्या आहेत. धाकलीच्या शेताला गिऱ्हाइकं येतात, चहा पिऊन जातात. दरसाल गाळाने ती खांड बुजत येते. मग उधाणाआधी घरटी एक माणूस फावडं घेऊन जमतो, धाकलीचं नाव घेतो आणि पाण्याची वाट मोकळी करतो. ज्यांनी आपली शेतं विकली, तेही येतात. गावात नवी सून आली असेल, तर पहिलं फावडं तिच्या हातात देतात.