मानाच्या बैलाची सोडत

"दवाखाना हवा? खुशाल बांधा! पण माझ्या तिजोरीतून कवडी मिळणार नाही!" तांबगडचे भूपालराजे गरजले.

वैद्यबुवा काकुळतीला आले. "महाराज, रोगी चिंचेखाली झोपतात. पावसात त्यांना कुठे नेऊ?"

"मग सोडत काढा, चिठ्ठ्या विका. मात्र बक्षीसही तिजोरीतून मिळायचं नाही! पोळ्याच्या सकाळपर्यंत पैसे जमले नाहीत, तर दवाखान्याच्या जागेवर माझी हत्तीशाळा!"

बक्षिसाशिवाय सोडत? वैद्यबुवा परत जायला वळले. त्यांच्याकडे औषधं कुटणारी भिवरा मात्र पुढे झाली.

"महाराज, तिजोरीबाहेरचं बक्षीस चालेल?"

"चालेल! शब्द दिला!"

संध्याकाळी दवंडी पिटली. 'ऐका हो! ज्याची चिठ्ठी निघेल, त्याचं जनावर पोळ्याला राजाच्या बैलापुढे तोरणाखालून जाईल!'

पिढ्यान्‌पिढ्या पहिला मान राजाच्या बैलाचा! गाव नुसतं वेडं झालं. तेल्याने घाणा सोडून बैल घासायला घेतला. एकाच बैलाचे मालक असलेले दोघे भाऊ, शिंगं कुणी रंगवायची यावरून भांडले. चिठ्ठ्यांसाठी ही झुंबड!

राजे लालबुंद झाले. "भिवरे! माझा मान विकतेस?"

"तो तिजोरीत नव्हता, महाराज."

"आणि मी काय करू?"

"आपणही चिठ्ठी घ्या की!"

राजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून दिला आणि टोपलीभर चिठ्ठ्या घेतल्या. दवाखान्याचे पैसे जमले!

पोळ्याच्या सकाळी वैद्यबुवांनी हंड्यात हात घातला. "सटवा कुंभार!"

सटवाकडे बैल नव्हताच. तो गाढवीला घेऊन आला. अंगावर गेरूचे ठिपके, कानांना गोंडे. "आमची चंपी तयार आहे, महाराज!"

"गाढव? माझ्या बैलापुढे?" राजे ओरडले. वाजंत्री थांबली.

भिवरा नम्रपणे म्हणाली, "नको असेल तर राहू द्या, महाराज. आपलाच बैल पुढे न्या. फक्त सोडत मोडली म्हणून गावाचे पैसे परत करावे लागतील. ते दवाखान्याच्या विटांत गेले. आता तिजोरीतूनच द्या!"

राजांनी कमरेची तिजोरीची किल्ली घट्ट धरली. तेवढ्यात चंपी तोरणाखाली पोचली आणि आंब्याची दोन पानं ओढून चघळू लागली!

राजे असे हसले, असे हसले, की पागोटं घरंगळलं. "वाजवा रे! चंपीबाईंना वाट द्या!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं भिवराच्या ओंजळीत ठेवलं आणि डोळे पुसत आपल्या बैलाची वेसण धरून गाढवामागून चालू लागले.