कोयत्याचे दोन तुकडे

"मग त्याला काढून कधी टाकताय, बुवा?"

धारेचं चाक फिरवता फिरवता दाजिबाने तिसऱ्यांदा विचारलं. समोर पाटावर बसलेले माधवबुवा मोडक्या कोयत्याचा एक तुकडा चाकाला लावत होते.

"कुणाला?"

"धाकूला! तुमचा तीस वर्षांचा कोयता मोडला त्याने आज सकाळी. साधा बांबू तोडताना!"

"मोडला खरा..." बुवा म्हणाले आणि तुकड्याची दुसरी बाजू घासू लागले.

दाजिबाच्या पोटात दुखत होतं ते मात्र कोयत्यासाठी नाही. डोंगरावरच्या त्यांच्या मठात एक रीत होती. बुवांचा कोयता ज्याच्या कमरेच्या आकडीत अडकला, पुढे मठ त्याचा. चौदा वर्षं दाजिबा डोळे लावून बसला होता. आणि गेल्या शिमग्याला आलेल्या धाकूच्या कमरेला बुवांनी तो आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने अडकवला! तेव्हापासून दाजिबाला अन्न गोड लागत नव्हतं.

बुवांनी घासलेला तुकडा वर धरला. मुठीकडच्या आखूड पात्याची आता कलमं करायची झकास सुरी झाली होती.

"ही धाकूला."

मूठसुद्धा त्यालाच! दाजिबाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि मला?"

"हा टोकाकडचा." बुवांनी दुसरा तुकडा चाकाला लावला. "याचं खुरपं होईल. वाफ्यांना लागतंच."

चाक गरागरा फिरू लागलं. ठिणग्या उडाल्या.

"चौदा वर्षांनी खुरपं! आणि मोडणाऱ्याला मूठ?"

बुवांनी तुकडा बाजूला घेतला. त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि मोडलेली कड दाजिबाच्या डोळ्यांसमोर धरली.

अर्धी कड लख्ख होती, आजच मोडलेली. उरलेली अर्धी गंजून तांबडी झाली होती, आधीच चिरलेली.

दाजिबाचा हात चाकावरच थांबला. आठ दिवसांपूर्वी, धाकू आंघोळीला गेला असताना, त्याने तोच कोयता विहिरीमागच्या काळ्या दगडावर आपटला होता. एकदाच. पात्याला बारीक चीर गेलेली दिसली तसा तो घाबरला आणि कोयता गुपचूप धाकूच्या आकडीत ठेवून आला. आज तोंड मिटून बसला असता तर निभावलंही असतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बुवा..."

बुवांनी कडेवरचं पाणी धोतराने पुसलं.

"त्याला नका घालवू, बुवा. मीच जातो."

"जाऊन कसं चालेल?" बुवा म्हणाले. "धाकू सकाळपासून गोठ्यात उपाशी बसलाय. त्याला खरं काय ते सांग, जेवायला वाढ..."

त्यांनी तो गंजका तुकडा पुन्हा चाकाजवळ नेला.

"आणि लगेच ये. तुझा तुकडा घासायचा राहिलाय."