ठकू माळणीचा हरळीचा हत्ती

बसलात का नीट? मग ऐका, आणि मधेच 'खरं का?' म्हणून विचारू नका. मलाच ते अजून पुरतं कळलेलं नाही.

फार फार मागं, कोरफळ्याला इनामदारांची मोठी बाग होती तेव्हाची गोष्ट. बागेतल्या खोपटात ठकू माळीण राहायची. मागं ना पुढं कुणी. पण हातात काय कसब होतं! बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधायची, त्यात शेणमाती भरायची आणि वरून हरळीचं गवत लावायची. महिन्याभरात हिरवागार ससा तयार! मोर केला, रेडा केला, आणि सात वर्षं राबून खऱ्या हत्तीएवढा हत्ती केला. रोज त्याला पाणी घालायची, कातरीनं नीटनेटका करायची आणि लेकराशी बोलावं तशी त्याच्याशी बोलायची. लोक हसायचे. हसेनात का!

एक गोष्ट मात्र चमत्कारिक. प्रत्येक जनावराचा एक पाय ती उचललेला ठेवायची.

इनामदार म्हणाले, "ठकू, हे काय खूळ? टेकव की तो पाय."

"नको मालक. चारी पाय टेकले की जनावर तिथंच मुळं धरतं. मग त्याचा नुसता ढिगारा होतो."

पुढं दोन वर्षं पाऊस झाला नाही. गावात गवताची काडी राहिली नाही. पण इनामदारांनी बागेत प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं, लांबलांबचे पाहुणे येणार होते. म्हणून विहिरीचं उरलंसुरलं पाणी हिरव्या जनावरांना, आणि खरी जनावरं हिरव्या वासानं भिंतीला बाहेरून तोंड लावून उभी.

एके सकाळी गावातली गोदाक्का आली. "ठकू, माझी कपिला गाय आज उठलीच नाही गं," म्हणाली आणि मटकन खाली बसली.

ठकूनं हातातली कातर टाकली. धावत इनामदारांकडं गेली, गुरांसाठी गवत मागितलं. ते म्हणाले, "प्रदर्शन होऊ दे, मग बघू." प्रदर्शनाला आठ दिवस होते. कपिलाला आठ दिवस नव्हते. आणि हत्तीला हात लावावा तर सात वर्षं मातीत, डोक्यावरचं छप्परही जाणार.

संध्याकाळी ती हत्तीपाशी गेली, पोटभर रडली. मग त्याच्या उचललेल्या पायावर हात ठेवून म्हणाली, "टेक रे बाबा आता." एवढं बागेतल्या पाणक्यानं आपल्या कानांनी ऐकलं.

सकाळी बघतात तर चौथऱ्यावर नुसत्या कामट्या! आणि गावातल्या सत्तर गोठ्यांपुढं सुपाएवढ्या गोल पावलांची रांग, प्रत्येक पावलात हिरवी हरळी. कपिलानं पडल्यापडल्या मान लांब केली आणि खायला लागली. असं म्हणतात, गुरांनी खाल्ली की ती हरळी पुन्हा वर यायची, पार पावसाळ्यापर्यंत.

तुम्ही म्हणाल, ठकूनंच हत्ती पाटीत भरून नेला असणार. बरं, नेला. एकट्या बाईनं, एवढा डोंगर, सत्तर दारी? आणि दोन पावलांमधलं अंतर बरोबर हत्तीच्या ढांगेएवढं कसं? तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते म्हणे. अहो, माळणीचे हात मातीनं भरायचे नाहीत तर काय दह्यानं?

इनामदार लालबुंद. "कुठाय हत्ती?"

"मालक, पाय होते, गेला."

तिला तेव्हाच बागेबाहेर काढलं. गाठोडं घेऊन निघाली, पण वेशीपर्यंत कुणी पोचू देईना. गोदाक्कानं गाठोडंच हिसकावलं. "कुठं चाललीस गं भवाने? सत्तर घरं काय ओस पडलीत?"

आता बाग नाही, इनामदारही नाहीत. पण दर उन्हाळ्यात गाव हरळीचा हत्ती करतं, एक पाय उचललेला. बाहेरची माणसं येतात, फोटो काढतात, पाय असा का म्हणून विचारतात. गावातला चारा सरत आला की सगळ्यात एकटी असेल ती बाई हत्तीपाशी जाते, पायावर हात ठेवते आणि म्हणते, "टेक रे बाबा आता." मग हत्तीवर गुरं सोडतात. त्या दिवसापासून वर्षभर तिच्याकडं रोज एका घरचं ताट जातं.

ठकूनंतर कोरफळ्यात कुणाही बाईला 'मागं ना पुढं कुणी' असं म्हणत नाहीत.